परतीचं पाकीट

दुपारी पोस्टमन पाकीट देऊन गेला. वर पत्ता आमचा आणि अक्षर ह्यांचं. हे जाऊन चार महिने झाले.

ह्यांना जुन्या क्रिकेटपटूंच्या सह्या जमवायचा नाद होता. नावाजलेल्यांच्या नव्हे, दोन-चार मोसम राज्याकडून खेळून पुढे बँकेत नोकरी केलेल्यांच्या. प्रत्येकाला एक पत्र, एक कोरं कार्ड आणि परतीचं पाकीट, तिकीट लावून, आपला पत्ता स्वतःच लिहून. "म्हाताऱ्या माणसाला पाकीट शोधायला लावू नये," म्हणायचे.

कार्डावर वाकडीतिकडी सही होती. मागे एक ओळ: 'हात थरथरतो, म्हणून उशीर झाला.' मला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. अल्बममध्ये ह्यांनी पेन्सिलीने जागा आखून ठेवली होती. तिथे कार्ड बसवलं आणि कुकर लावला.

सही काढून घेतली की हे पाकीट टाकून द्यायचे. केराच्या डब्यातून कितीतरी पाकिटं मीच बाहेर नेली असतील. रोजचं अक्षर, त्याकडे कोण बघतं? आजचं पाकीट मात्र टेबलावरच राहिलं.

ह्यांच्या वहीत अजून सात नावांपुढे खूण नाही. म्हणजे ह्यांच्या अक्षरातली सात पाकिटं अजून कुणाकुणाच्या घरी पडून आहेत.

संध्याकाळी शेजारच्या सुमनताई म्हणाल्या, "पोस्टमनला एकदा सांगून टाका, ते नाहीत म्हणून."

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी पोस्टमन आला. मी काही सांगितलं नाही.