हॉटेलच्या दारातला आईचा हंडा

मैत्रिणींनो, तुमची मदत हवी आहे.

काल सुरतेत तलावाकाठच्या एका छोट्या, देखण्या हॉटेलात राहिले. आज सकाळी निघताना दारातल्या फुलांच्या पितळी हंड्यावर कोरलेलं वाचलं: ‘सौ. सुमतीस, नलूच्या बारशानिमित्त.’ सुमती माझी आई. नलू मी!

सत्तर सालच्या आसपास याच तलावाजवळच्या आमच्या घरात पुराचं पाणी शिरलं, त्यानंतर हा हंडा दिसेना. “माय वं, पूरमा व्हाई गया,” पुरात वाहून गेला, असं आमच्या कामवाल्या वेणूबाई रडून सांगत होत्या. आईने त्यांना चोर ठरवून काढलं. मी कॉन्व्हेंटच्या गणवेशात गप्प उभी होते.

“हा कुठून आणलात?” मी मॅनेजरला विचारलं.

“बेन, तलाव साफ केला तेव्हा गाळात मिळाला.”

आई आता नाही, वेणूबाईही नसतील. इथल्याच उधना भागात राहणाऱ्या वेणूबाईंची मुलगी वत्सला कुणाला माहीत आहे का? हंडा मी मागून घेतलाय. तो तिच्या दारी न्यायचा आहे.