भिंतीच्या पोटातला फोन

आमच्या घराला नंबर आहे, पण तो मलाही ठाऊक नाही. मध्य प्रदेशातल्या बालाघाटात आमचा पत्ता एकच होता: हिरव्या टिनाचं घर. पश्चिमेकडून पावसाची झड यायची आणि भिंतीची ओल थेट माझ्या पलंगापर्यंत पोचायची, म्हणून कधीकाळी मी पुढच्या भिंतीवर खालपासून छज्ज्यापर्यंत हिरवे टिन ठोकले होते. पाहुणा लामता गावचा असो की हट्टा गावचा, स्टेशनवर ‘हिरवे टिन’ म्हटलं की ऑटोवाला दारात आणून सोडायचा.

ते टिन काढायची वेळ आली ती सुमेधच्या लग्नापायी. पोराला एकतिसावं लागलेलं, तीन स्थळं हातची गेलेली, आणि आता गोंदियाचे मेश्राम रविवारी अकरा वाजता आमचं घर पाहायला येणार होते. आमच्यात मुलीकडचे आधी मुलाचं घर पाहून जातात, मगच पुढची बोलणी. (घर पाहतात म्हणजे नेमकं काय पाहतात, हे आजवर कोणी सांगितलेलं नाही. संडासापर्यंत जातात एवढं मात्र खरं!)

“टिन पाहून म्हनतीन, हे घर हाय का धानाचं गोदाम?” माझी बायको पुष्पा म्हणाली. “एखादा चांगला मिस्त्री पाहा, अन् ते लाकडासारखे दिसतात ना, ते पॅनल लावून घ्या.”

“मिस्त्री कायले पाहिजे? मी हावो ना!”

“म्हनूनच म्हनलं, मिस्त्री पाहा.”

झालं! मी इरेला पेटलो. मोबाइलवर पॅनल बसवायचा व्हिडिओ शोधून काढला. ड्रिल विकत आणलं. जुने टिन मागच्या गल्लीतल्या पटलेभाऊंना देऊन टाकले आणि त्यांनी ते आपल्या बकऱ्यांच्या कोठ्याला ठोकले. “भाईसाहब, बकरियों का तो बंगला बन गया!” ते म्हणाले. मलाही बरं वाटलं.

भिंतीवर लोखंडी पाइपांचा ढाचा उभा केला आणि त्याच्यावर खालून वर एकेक पॅनल लावत गेलो. प्रत्येक पॅनल खालच्याच्या खाचेत अडकतं. त्यामुळे सगळ्यात खालचं काढायचं तर आधी वरची सगळी काढावी लागतात, असं व्हिडिओतल्या माणसानं बजावलं होतं. मी हसून सोडून दिलं. काढायचंय कोणाला?

रविवारी सकाळी दहा वाजता छज्ज्याखालचं शेवटचं पॅनल तेवढं उरलं. मोबाइल मी आतल्या आडव्या पाइपवर टेकवून ठेवला होता, म्हणजे पाहता पाहता काम होतं.

“अब आखिरी पैनल हल्के हाथ से बिठाइए,” मोबाइल म्हणाला. मी बसवलं.

“अब पेंच कस दीजिए.” मी स्क्रू कसले.

“बधाई हो!” भिंतीच्या आतून आवाज आला. “चैनल को सब्सक्राइब करना न भूलें!”

मी शिडीवरून उतरलो, चार पावलं मागं सरकून आपलं काम डोळे भरून पाहिलं, आणि फोटो काढावा म्हणून खिसा चाचपला. तेवढ्यात भिंत वाजली.

“कोनाचा फोन हाय?” पुष्पानं खिडकीतून विचारलं.

“माहा.”

“मंग उचला ना!”

“भिंतीत हाय.”

पुष्पानं खिडकी धाडकन लावून घेतली.

फोन मेश्रामांचाच असणार. त्यांच्याकडे नंबर माझाच, आणि त्यांचा नंबर माझ्या मोबाइलात. म्हणजे भिंतीत! मी ड्रिल घेऊन पुन्हा शिडीवर चढलो. शेवटचं पॅनल काढलं, हात आत घातला, आणि नेमकी रिंग आली. मोबाइल थरथरला, माझ्या बोटांना लागून सटकला आणि खालच्या पाइपवर जाऊन बसला. मी तिथपर्यंतची पॅनल काढली. पुन्हा रिंग, पुन्हा खाली! पाहुणे जितक्या कळकळीनं फोन करत होते, तितका तो माझ्यापासून लांब जात होता. चार दिवसांचं काम तासाभरात उतरत चाललं.

“सुमेध! तुह्याजवळ नंबर हाय का बे त्यांचा?”

“माह्याजवळ कुठून येईन, बाबा?” सुमेध म्हणाला आणि आपल्या बुटांकडे पाहू लागला.

सव्वाअकरा झाले. साडेअकरा झाले. मग भिंत एकदम गप्प झाली. बॅटरी गेली. पुष्पा पायरीवर बसली आणि तिनं डोळ्याला पदर लावला.

“चवथंबी गेलं! लोकाईचे पोरं काम ना धाम, तरी त्याईचे लग्न झाले. अन् माह्या सोन्यासारख्या पोराले बापाचं ड्रिल आडवं आलं!”

मला खरंच गलबलून आलं. आयुष्यभर ऑफिसात कागद खालीवर केले, तेवढंच करत राहिलो असतो तर काय बिघडलं असतं?

तेव्हा सुमेधनं हळूच आपला फोन काढला आणि नंबर न शोधता लावला.

“प्रज्ञा, कुठं आहात तुम्ही?”

(प्रज्ञा म्हणजे मेश्रामांची मुलगी. तिचा नंबर याला तोंडपाठ कसा, हे विचारायची ती वेळ नव्हती. पुष्पानं मात्र डोळ्यावरचा पदर काढला.)

“तुमच्याच घरी!” पलीकडून आवाज आला. “हिरव्या टिनाचं घर म्हनलं, ऑटोवाल्यानं बरोबर आनून सोडलं. एक काकाजी बाबांना बोकडाचे दात दाखवून राह्यले. बकऱ्या लई गोड हायेत. फक्त आई विचारून राह्यली, मुलगा झोपतो कुठं?”

सुमेध तसाच पळाला. पटलेभाऊ त्यांना गिऱ्हाईक समजले होते, हे नंतर कळलं. मी सगळ्यात खालचं पॅनल उचकटून मेलेला मोबाइल बाहेर काढला, मान वर केली, तर फाटकात मेश्राम, त्यांची मंडळी आणि प्रज्ञा! माझ्या अंगात बनियन, केसांत विटांचा चुरा, हातात ड्रिल. मागे भिंत अशी, की बकऱ्यांनीसुद्धा नाक मुरडावं.

मेश्रामांनी आधी भिंत पाहिली, मग मला पाहिलं.

“काय मिस्त्री, मालक हायेत का घरात?”

सुमेधनं तोंड उघडलं, पण मी त्याच्याहून चपळ निघालो.

“हायेत जी. आंघोळ करून राह्यले.”

“अन् हे काय करून ठेवलं बाप्पा? लोकाच्या घरी पाहुने येनार, अन् तुम्ही भिंत सोलून बसले?”

“चुकलं जी.”

मागच्या दारानं आत शिरलो, दोन बादल्या पाणी ओतलं, इस्त्रीचा सदरा चढवला आणि पुढच्या खोलीत येऊन सगळ्यांना जयभीम केला. मेश्रामांनी मला ओळखलं नाही. प्रज्ञानं ओळखलं, ती पोह्याच्या बशीत मान घालून हसत होती.

घर पाहून झालं. (संडासापर्यंत!) निघताना मेश्रामांनी माझा हात हातात घेतला.

“भाऊ, पोरगा पसंत, घर पसंत, पोरीनं तर आधीच ठरवलेलं दिसते. फक्त एक गोष्ट माना. लग्नाच्या आधी त्या मिस्त्रीले कामावरून काढा. इतका बेअक्कल मानूस मी जन्मात पाह्यला नाही!”

मी “हौ जी” म्हणणार, तेवढ्यात पुष्पाच बोलली.

“कसा काढू, भाऊ? बत्तीस वर्षं झाले, त्याले दुसरं कोनी ठेवूनच घेत नाही!”