डीनसाहेबांच्या बुटांवरचा चिखल

आमचे हे बेडकांचे प्रोफेसर. विद्यापीठाच्या पर्यावरण महाविद्यालयामागे एक तळं आहे. त्यातले बेडूक केव्हा ओरडतात, कशासाठी ओरडतात आणि मधेच गप्प का होतात, यातच यांची सगळी नोकरी गेली. लग्न झाल्यापासून मी एकाच गोष्टीवरून भांडत आले, की चिखलाचे बूट घालून घरात यायचं नाही. आणि हे रोज खुशाल तसेच आत!

मग जुने डीन निवृत्त झाले. कुलगुरूंनी यांना बोलावून सांगितलं, "नवा डीन मिळेपर्यंत तेवढी खुर्ची सांभाळा." यांना नाही म्हणता आलं तर ना! काही महिन्यांचं काम म्हणून घेतलं आणि दोन वर्षं ते घोंगडं आपलं भिजत पडलं. बूट चकचकीत, फरशी लखलखीत, आणि नवरा मात्र घास हातात धरून भिंतीकडे बघत बसलेला. निवृत्तीही जवळ येत चाललेली. "आता तळ्यावर गेलो नाही तर बेडकांचं काम अर्धवटच राहील गं," म्हणायचे.

शोध समिती होती, नाही असं नाही. उमेदवार शोधायची, मुलाखतीला बोलवायची. पण अतिथिगृहातलं स्वयंपाकघर बंद पडलेलं. त्यामुळे मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी उमेदवार जेवायला आमच्याकडे, अशी पद्धतच पडून गेली होती. आणि तिथंच माशी शिंकायची.

पहिले आले ते हवेचे तज्ज्ञ. "कॉलेज कसं आहे?" त्यांनी सहज विचारलं. दुसरा कुणी "छान आहे" म्हणून पाण्याचा ग्लास पुढे केला असता. यांनी नदीची पाहणी करावी तशी पार उगमापासून सुरुवात केली. प्रयोगशाळेचं छप्पर गळतं. खिडक्यांच्या पत्र्याच्या झडपा गंजून बसल्यात, त्यामुळे पर्यावरणाच्या इमारतीत भरदिवसा दिवे. मातीवाले आणि पाणीवाले प्राध्यापक एकमेकांशी बोलत नाहीत, निरोप शिपायामार्फत. मी टेबलाखालून पाय मारला, तर हे मोठ्यानं म्हणतात, "अगं, लाथा का मारतेस?" मी कपाळाला हात लावला. पाहुण्यांनी कसंबसं जेवण आटोपलं आणि सकाळी मुलाखत न देताच धूम ठोकली. दुसरे समुद्रवाले आले, त्यांचीही तीच गत.

तिसऱ्या खेपेला मी बजावलं, "आज तुमचा घसा बसलाय. एक अक्षर बोललात तर याद राखा."

"पण घसा बरा आहे माझा."

"मी सांगेन तेव्हा बरा!"

आल्या त्या जंगलवाल्या बाई. ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या, मागून मागून वाढून घेणाऱ्या. मला तर बघताक्षणीच आवडल्या. "वहिनी," त्यांनी विचारलं, "कॉलेजात अडचणी काय काय आहेत?"

"अडचणी? छे हो!" मी सुटलेच. "छप्पर म्हणाल तर एक थेंब गळेल तर शपथ. प्राध्यापक म्हणजे सख्खी भावंडं. खिडक्या नुसत्या बोटानं उघडतात." यांना जोराचा ठसका लागला. मी पाणी दिलं आणि डोळे वटारले.

मी जसजशी रंगत गेले तसतशा बाई मलूल होत गेल्या. शेवटी चमचा खाली ठेवून म्हणाल्या, "वहिनी, रागावू नका. माझ्या आताच्या कॉलेजातही सगळं असंच सुरळीत आहे. जायचं, सह्या करायच्या, घरी यायचं. कंटाळून गेलेय मी. इथंही तेच असेल तर बिऱ्हाड हलवू कशाला? समितीला उद्या नाही म्हणून सांगते."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. यांच्याकडे बघितलं, तर तोंड मिटून लालेलाल होऊन बसलेले. एरवी माझं एक ऐकत नाहीत, आणि आज बघा!

"अहो, बोला ना!" मी ओरडले. "बरा झालाय तुमचा घसा!"

मग काय, बांधच फुटला. छप्पर, खिडक्या, माती-पाण्याचं भांडण, वर ग्रंथालयातली वाळवी, जी मलाही माहीत नव्हती. बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "माती-पाणीवाल्यांना एकाच खोलीत बसवू," त्या म्हणाल्या, "आणि दार मी बाहेरून लावते." हे खो खो हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा! मी उठून आत गेले आणि पदरानं डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी बाईंनी मुलाखत अशी गाजवली की समितीनं तिथल्या तिथं पसंती दिली.

त्या रुजू झाल्या त्या संध्याकाळी दाराशी शीळ ऐकू आली. उघडते तो हे उभे, गुडघ्यापर्यंत चिखल, बुटांतून पाणी गळतंय, आणि चेहरा असा फुललेला की बघत राहावं. मी बाजूला होऊन वाट दिली, तर हे उंबऱ्याबाहेरच थांबले.

"ओरडणार नाहीस?"

"ओरडणार तर! आधी आत तर या," मी म्हटलं.

हे बूट तसेच घालून थेट स्वयंपाकघरापर्यंत गेले, आणि मी फडकं घेऊन मागोमाग, मनसोक्त ओरडत.