दुपारी काढलेला फोटो

आमच्या कंपनीत परदेशातल्या आरोग्यविम्याचे दावे तपासतात. सात वर्षं मी तेच करतेय. समोर कागद, शेजारी फोटो, मंजूर की नामंजूर. आजारानं केस गेलेल्या मुलांसाठी कुणी केसांचा टोप मागितला की काम हलकं वाटायचं. 'सौंदर्यासाठी' असं लिहायचं, नामंजूर करायचं आणि पुढचा दावा उघडायचा. एकदा अशाच एका मुलाचा फोटो मी डबा खाता खाता शेजारणीला दाखवला होता. आम्ही दोघी हसलो होतो. कशाला, ते आठवत नाही. हसल्याचं मात्र लख्ख आठवतं.

मग माझ्याच आठ वर्षांच्या लेकीला चाई लागली. आधी कानामागे रुपयाएवढी, आणि दोन महिन्यांत भुवयांसकट सगळे केस साफ. आम्ही रिहे गावात एका शेतकरी कुटुंबाच्या माडीवर भाड्यानं राहतो. तिनं अंगणात उतरणं सोडलं, शाळेचं नाव काढेना. टोप आणलास तर जाईन म्हणाली, पण असं डोकं कुणालाही दाखवायचं नाही. मी तिच्या हातावर हात ठेवून कबूल केलं.

खऱ्या केसांचा टोप आमच्या आवाक्याबाहेरचा, म्हणून इथल्या आमच्या विम्याकडे अर्ज केला. फोटो जोडा, असं उत्तर आलं.

विचारलं असतं तर ती नाहीच म्हणाली असती. म्हणून रविवारी दुपारी ती गाढ झोपल्यावर मी तिच्या डोक्यावरचा रुमाल सरकवला. फोनचा आवाज आधीच बंद केला होता, एवढी मी हुशार. एक समोरून, दोन बाजूंनी. कसे लागतात ते मला पाठ होतं. रुमाल पुन्हा होता तसा बांधला.

दावा नामंजूर झाला. कारण काय असणार, ते पत्र उघडायच्या आधीच मला ठाऊक होतं. नियमात बसत नाही म्हणे. अहो, मग बसवा ना नियमात! पोरीची शाळा सुटते ती कुठल्या नियमात बसते?

खाली घरमालकीण तांदूळ पाखडत होती. तिला सांगितलं, तर सूप खाली ठेवून तडकलीच. "तितं बसनाऱ्यांना लेकरं न्हाईत व्हय?"

"असतात, काकू," मी म्हणाले आणि जिना चढले.

शेवटी माझ्या बांगड्या मोडून टोप आणला. ती शाळेत जायला लागली. मला वाटलं, सुटलो. मग एकदा गृहपाठ शोधताना तिला माझ्या फोनमध्ये ते तीन फोटो सापडले.

"हे कुणी बघितले?"

"विम्याच्या माणसांनी."

"हसले का ते?"

नाही म्हणाले. फार पटकन म्हणाले.

कामावर मी अजून तेच लिहिते, नियम तोच आहे. फक्त आता फोटो उघडला की आधी मुलाचे डोळे बघते, मिटलेले आहेत का म्हणून. मिटलेले दिसले की मला माझीच लाज वाटते.

लेक आता टोप घालूनच झोपते. डॉक्टर सांगतात, डोक्याला वारा लागू द्या. दुपारी मी तिच्याजवळ जाऊन बसते, थोपटते. ती छताकडे बघत पडून राहते. मी उठून बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं, की मगच ती डोळे मिटते.