काकाजींचा तेरा वर्षांचा नायक

आमच्या घरमालकांइतकी माणसं मारलेला दुसरा सज्जन मी उभ्या भंडारा जिल्ह्यात पाहिला नाही. आणीबाणी उठली त्या वर्षी तुमसरच्या शाळेत मी मास्तर म्हणून रुजू झालो आणि त्यांच्या घराची पुढची खोली भाड्याने घेतली. तेव्हा ते आपल्या पाचव्या ऐतिहासिक कादंबरीत होते. सगळा गाव त्यांना काकाजी म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागलो. दिवसा ते राइस मिलच्या काट्यावर धानाची पोती तोलत आणि सकाळ-संध्याकाळ लिहीत. पण या दोन कामांच्या मध्ये त्यांनी कधी भिंत अशी घातली नव्हती. हमालांना ते ‘पोती आत न्या’ असं साधं सांगत नसत. ‘उत्तर दरवाजानं आत घ्या, डावी बगल मोकळी ठेवा!’ असा हुकूम सुटे, आणि हमालही बिचारे डावी बगल मोकळी ठेवत. एकदा मांडीत बाण रुतलेल्या सरदाराला गड चढायला किती वेळ लागेल हे पाहायला ते सायकलने आंबागडावर गेले आणि पायथ्यापासून लंगडत वर चढले. गुराख्यांनी त्यांना खरंच लंगडा समजून पाठीवर घेऊन खाली आणलं. “अन् तुम्ही येऊ दिलं?” मी विचारलं. “नाही म्हणलं असतं तर त्यायले वाईट वाटलं असतं, मास्तर,” ते म्हणाले.

कादंबरीत सेनापती पडला की काकाजी तीन दिवस दाढी करत नसत आणि घरात भाजीला फोडणी पडत नसे. एरवी काकू फार सोशीक, पण एका सरदाराच्या सुतकात त्यांचाही धीर सुटला. माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, “तो मेला तीनशे वर्षांमांगं, अन् सुतक आमच्या चुलीले! पुढच्या पुस्तकात एखादं लगन लिवा म्हणा यायले, गोडधोड तरी खाऊ.” पण लग्न काकाजींना जमत नसे. त्यांच्या मांडवात अक्षता पडायच्या आतच वेढा पडे. नागपूरचे एक प्रकाशक ही जाडजूड पुस्तकं छापत आणि माझ्या माहितीप्रमाणे ती तिघेजण वाचत: स्वतः काकाजी, मुद्रितं तपासणारा आणि मी. त्यातला मी भाडेकरू होतो.

पाचव्या कादंबरीचं बाड पोस्टाने परत आलं. सोबत चिठ्ठी होती. मोठे वाचक आता लढाया घेत नाहीत, तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी काही लिहिणार असाल तर पाहू. काकाजी बाजेवर बसून ती चिठ्ठी इतका वेळ वाचत राहिले की मला वाटलं ती बरीच मोठी असावी. मग ते म्हणाले, “आता मी कोणाले मारू, मास्तर?” यावर हसावं असं मला वाटलं होतं. त्यांचा चेहरा पाहून हसलो नाही.

पण हार मानतील ते काकाजी कसले! महिन्याभरात त्यांनी तेरा वर्षांचा एक नायक घोड्यावर बसवला आणि माझ्या आठवीच्या वर्गापुढे वाचायला आणला. नायक आईला ‘मातोश्री, आज्ञा असावी’ म्हणत होता आणि दऱ्या ओलांडत होता. मुलं माझ्या धाकाने गप्प होती. शेवटी जवळच्या खेड्यातून रोज पायी येणारी एक मुलगी उभी राहिली. “गुर्जी, हा पोट्टा सकाळपासून घोड्यावर आहे. जेवते कवा?” वर्ग खो-खो हसला. काकाजी हसले नाहीत. ते घाईघाईने पानं उलटून पाहू लागले. परतताना सायकल हाताने ढकलत निम्म्या वाटेवर थांबले आणि म्हणाले, “पाच पुस्तकं लिवली, मास्तर. एकही माणूस जेवला नाही.”

त्यानंतर ते शाळेच्या फाटकाशी उभं राहून मुलांची बोलणी ऐकू लागले. पेरूवाल्याशी दोस्ती केली. गोट्या खेळून पाहिल्या, त्यात कंबर धरली. काकूंनी आठ दिवस शेकली. पण कागदावरचा मुलगा कधी सात वर्षांचा होई, कधी सत्तरीचा. तेराचा काही होईना. मग त्यांनी लिहिणंच सोडलं. दौत सुकली. एक दिवस मिलचा जुना हमाल मला बाजारात गाठून हलक्या आवाजात म्हणाला, “मास्तर, काट्यावरच्या बाबूची तब्येत बरी आहे ना? आजकाल सीधंच बोलून राहिले. ‘पोते आत न्या’ म्हणते.”

त्यांना उभारी यावी म्हणून मी एका सकाळी सहज म्हटलं, “काकाजी, तुम्ही तेरा वर्षांचे होता तेव्हाचं आठवून लिहा ना.”

त्यांनी सुकलेली दौत बाजूला सारली. “तेव्हाचं काही नाही. दिघोरीले सातवीत होतो. बाप गेला. तेरवी झाली अन् दुसऱ्या दिवशी मामानं धानाच्या बैलबंडीवर बसवलं, इथं मिलमध्ये आणून सोडलं. इथं उतरलो तो मोठाच. मधलं वय आलंच नाही, मास्तर.”

“मग ती बंडीच लिहा,” मी म्हणालो. मला आजही कळत नाही, हे मी बोलायला हवं होतं की नाही.

दोन महिन्यांत साठ पानं झाली. त्यात तलवार नव्हती, घोडा नव्हता. दोन बैल होते, तीन दिवसांची वाट होती आणि पोत्यांवर बसलेला एक मुलगा होता. शाळा कायमची सुटली आहे हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. तो दप्तर मांडीखाली घेऊन बसला आहे आणि परत गेल्यावर गुरुजी विचारतील म्हणून वाटेभर कविता पाठ करतो आहे. बोलणी सगळी आमच्याकडची, जशीच्या तशी. प्रकाशकांनी तीही परत पाठवली. भाषा अशुद्ध आहे आणि घटना काहीच नाही, असं कळवलं.

मी मात्र हट्टाने त्यांना पुन्हा वर्गात नेलं. तीच मुलं आता नववीत होती. काकाजी खालच्या आवाजात, मान वर न करता वाचत होते. वाटेच्या तिसऱ्या दिवशी मुलगा मामाला म्हणतो, पाठ झाली, म्हणून दाखवू का? मामा ऐकतो. मग बैलांकडे बघत म्हणतो, “बापू, ते पुस्तक आता ठेवून दे.” तास संपल्याची घंटा झाली. कोणी उठलं नाही. काकाजींनी घाईने कागद गोळा केले आणि जवळजवळ पळतच बाहेर पडले.

मी त्यांना रस्त्यात गाठलं. “कंटाळली ना पोरं?” ते म्हणाले. “कोणी काही विचारलंच नाही.”

“काकाजी, रडत होती ती.”

मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. पण त्यांचा चेहरा पडला. “रडत होती? मंग चुकलंच माझं. पोरायले रडवाले थोडीच लिवलं होतं.”

त्यानंतर त्यांनी दुसरं काही लिहिलं नाही. शेवटचं प्रकरण मात्र वर्षानुवर्षं लिहिलं आणि खोडलं. कधी मामाला दया येई, कधी गावचे गुरुजी मागून धावत येत, कधी नदीला पूर येऊन बंडी परत फिरे. “खोटं वाटते,” म्हणून ते पुन्हा काट मारत. पुढे माझी बदली एकोडीला झाली. शेवटचा भेटायला गेलो तेव्हा काकाजी बाजेवरच पडून होते. काकूंनी उशीला उशी लावून त्यांना बसतं केलं. मी कादंबरीचं विचारलं.

“थांबवून ठेवली बंडी,” ते म्हणाले. “तलावाच्या पाळीवर सोडली आहे. बैल पाणी पिऊन राहिले. पोट्टं कविता पाठ करून राहिलं.”

“अन् पुढं?”

काकाजींनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली.

“पुढचं मले माहीत आहे, मास्तर,” ते म्हणाले. “त्याले कायले सांगू?”