अक्कांची बादली

मंडळी, आत्ताच साइटवरून घरी आले. पायातले बूटसुद्धा काढलेले नाहीत, आधी हे लिहिते.

एका बंद कारखान्याखालचं विषारी झालेलं भूजल साफ करणं, हे आमचं काम. कुंपणापलीकडे तळं आहे, तिथे करकोचे घरटी करतात. नमुना घेण्याआधी बोअरमध्ये साचलेलं पाणी उपसायचं आणि ते पिंपातच भरायचं, असा नियम. आज पिंपं भरली आणि ती न्यायला येणारा टेम्पो मारतहळ्ळीच्या ट्रॅफिकमध्ये अडकला. मीच म्हटलं, "स्वल्पच आहे, सोडा नाल्यात." पंपाचा पाइप नाल्यात सोडला. नाला तळ्याला मिळतो, हे मला माहीत होतं.

थोड्या वेळाने शेजारच्या गल्लीतल्या अक्का आल्या. पिढ्यान्‌पिढ्या इथे कानडी मुलखातच राहिलेलं मराठी घर त्यांचं. आल्या त्या थेट पाइपाखाली बादली धरूनच बोलल्या, "तुम्ही पाणी साफ करणारी माणसं ना? गुलाबांना दोन बादल्या नेते."

मी धावत जाऊन बादली ओढली. "अक्का, नको! वाईट पाणी आहे हे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तळ्याकडे. "सरी, बरं. मग तिकडं कशाला सोडताय?"

मी पंप बंद केला. साहेबांना फोन करून काय केलं ते सांगितलं. अक्का रिकामी बादली घेऊन गेल्या.

तुमच्या कामात तुम्हाला असं कोण अडवतं? मला आज अक्कांनी अडवलं. करकोचे बादली घेऊन येत नाहीत.