अनंताच्या कुंडीतलं मीठ

“आमची वाडी होती, मला काय सांगता,” असं म्हणत हात हवेत उडवणारा माणूस तुमच्याही पाहण्यात असेलच. तुळिंजला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक होते. मूळचे वसईच्या खाडीकाठचे, वाडी विकून इकडे आलेले. मी त्यांना काका म्हणायचे.

येताना काकूंनी वाडीतल्या अनंताचं कलम तेवढं कुंडीत आणलं होतं. पुढे काकू अर्धांगाच्या झटक्याने गेल्या आणि काकांनी एकच ध्यास घेतला. वर्षश्राद्धाला तिच्या फोटोला तिच्याच झाडाचं फूल वाहायचं. नेमकी तेव्हाच झाडाने मान टाकली. पानं पिवळी, कडा करपलेल्या, कळ्या उमलायच्या आधीच गळतायत.

“ताई, बघा ना जरा. पानी घालतो, ऊन देतो, तरी रुसलंय.”

सोसायटीत मला झाडांचं वेड, म्हणून हे लचांड माझ्या गळ्यात. कुंडी सकाळच्या उन्हात हलवली, पाणी कमी केलं, पातळ ताक घालून पाहिलं. झाड ढिम्म. शेवटी माती उकरायला बसले, तर वर पांढरा थर. बोटाने जिभेला लावला आणि थुंकलेच.

“काका, यात मीठ आहे.”

“मग? मीच घालतो मूठभर. माडाला घालायचो तसं. वाडीत मिठाशिवाय माड कधी धरलेत?”

मी कपाळावर हात मारला. “अहो, माडाला चालतं. अनंताला ते विष. तुम्हीच मारताय त्याला.”

आता नेहमीसारखा त्यांचा हात हवेत उडणार, असं मला वाटलं. काका तिथेच फरशीवर बसले.

“तिचं बीपी वर असायचं,” ते म्हणाले. “डॉक्टरने मीठ बंद केलेलं. तिला आळणी घास उतरायचा नाही, डोळ्यांत पानी यायचं. मग मी मुलीला कळू न देता तिच्या ताटात चिमूटभर टाकायचो. रोज. ती खूश व्हायची.”

“तसं नसतं हो काका,” असलं काहीतरी पुटपुटले, पण खरं सांगते, त्यांच्याकडे बघवेना.

मी मुळं धुतली, माती बदलली. झाड जगलं. वर्षश्राद्धाला एक फूल उमललं, ते घेऊन मी त्यांच्याकडे गेले. काका दारातूनच म्हणाले, “तुम्हीच वाहा. माझा हात नको.”

नंतर मुलीने त्यांना अर्नाळ्याला आपल्या घरी नेलं. परवा तिचा फोन आला. “तुम्ही तरी सांगा बाबांना. बीपी नाही, काही नाही, तरी आळणीच जेवतात. विचारलं तर बोलत नाहीत.”

सांगते म्हटलं. अजून सांगितलेलं नाही.